अभावावरून केलेली ओळख

एखाद्या वस्तूची ओळख ती काय आहे यावरून करून द्यावी, की ती काय नाही यावरून, हा प्रश्न वरकरणी शब्दच्छलाचा वाटेल. आपल्या नैयायिकांनी मात्र तो फार गांभीर्याने घेतला होता. लक्षण म्हणजे व्याख्या कशी असावी हे सांगताना त्यांनी अव्याप्ती, अतिव्याप्ती आणि असंभव असे तीन दोष मानले. गाय म्हणजे तांबूस रंगाची, असे म्हटले तर पांढरी गाय सुटते. गाय म्हणजे शिंगे असलेली, असे म्हटले तर म्हैसही आत येते. आणि एकखुरी म्हटले तर एकही गाय सापडत नाही. या विवेचनापलीकडे जाऊन त्यांनी अभाव हाही एक स्वतंत्र पदार्थ मानला, आणि प्रत्येक अभावाला एक प्रतियोगी असतो असे सांगितले. घटाच्या अभावाचा प्रतियोगी घट. म्हणजे ‘येथे घडा नाही’ असे म्हणणाऱ्याच्या मनात घडा आधीच असावा लागतो. अभाव सांगणारे वाक्य समोरच्या जागेविषयी जितके सांगते, तितकेच बोलणाऱ्याच्या अपेक्षेविषयीही सांगते.

हा विचार पुन्हा मनात येण्याचे निमित्त थोडे अनपेक्षित आहे. सेवानिवृत्तीनंतरच्या वाचनात तेलविहिरींत सापडणाऱ्या जीवाणूंविषयी काही मजकूर हाती आला. जमिनीखाली हजारो फुटांवर, जेथे ना प्रकाश ना वारा, अशा तेलमिश्रित खाऱ्या पाण्यात काही सूक्ष्म जीव राहतात. असा एखादा नवा जीव हाती लागला म्हणजे त्याचे शास्त्रशुद्ध वर्णन कसे करतात, हे वाचताना जाणवले की साऱ्या प्रक्रियेच्या मुळाशी एक नैतिक प्रश्न आहे. आपल्याहून सर्वस्वी निराळ्या असलेल्याची ओळख प्रामाणिकपणे कशी करून घ्यावी? साहित्यसंस्थेच्या पत्रिकेत जीवाणूंना स्थान कशाला, असे सुज्ञ वाचकांना वाटल्यास त्यांनी थोडा धीर धरावा.

या जीवांना मराठीत ‘अवायुजीवी’ म्हणतात. वायूवाचून जगणारे, असा त्याचा अर्थ. नाव अभावाचे आहे, आणि त्या अभावाचा प्रतियोगी आपली हवा आहे. या नावाचा उगम पाहण्यासारखा आहे. १८६१ साली लुई पाश्चर लोण्याला खवट वास आणणाऱ्या आम्लाच्या किण्वनाचा अभ्यास करीत होता. सूक्ष्मदर्शकाखालील थेंबात त्याला एक चमत्कार दिसला. थेंबाच्या मध्यभागी असलेले जीव चपळपणे हलत होते. कडेचे, म्हणजे जेथे हवेचा स्पर्श होत होता तेथील, निश्चल झाले होते. जो प्राणवायू आपणांस प्राण देतो तोच त्यांचा प्राण घेत होता. पाश्चरने त्यावरून जीवांच्या एका नव्या वर्गाला नाव दिले आणि ते अनेक भाषांत रूढ झाले.

परंतु पृथ्वीच्या इतिहासाचा हिशेब मांडला तर हे नाव उलटे वाटू लागते. आरंभी पृथ्वीच्या वातावरणात मुक्त ऑक्सिजन जवळजवळ नव्हता. सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी तो हवेत साठू लागला आणि तत्कालीन जीवसृष्टीवर ते एक संकटच कोसळले. ऑक्सिजनपासून पेशीत निर्माण होणाऱ्या विघातक रेणूंना निष्प्रभ करण्याची पुरेशी साधने ज्यांच्यापाशी नव्हती ते नष्ट झाले किंवा चिखलात, समुद्रतळाशी, खडकांच्या फटींत जाऊन राहिले. म्हणजे जुनी वस्ती त्यांची. हवेवर जगणारे मागून आले. मागून आलेल्यांनी आधीच्यांना ‘ज्यांच्यापाशी आमच्यासारखे काही नाही ते’ असे नाव दिले. हे अवायुजीवी दूरचेही नव्हेत. गोबरगॅसच्या टाकीत शेण कुजवून ज्वलनशील वायू देणारे हेच, आणि आपल्या मोठ्या आतड्यातील जीवाणूंत बहुसंख्य हेच. पुण्याच्या संशोधकांनी निरोगी माणसाच्या विष्ठेतून वेगळ्या केलेल्या अशाच एका जीवाणूला क्लॉस्ट्रिडियम पुनेन्से असे नाव मिळाले आहे. ज्याला आपण परका म्हणतो तो आपल्या पोटातच बिऱ्हाड करून आहे.

तेलविहिरीतील जीवांच्या बाबतीत आणखी एक वाद उभा राहिला, आणि तो आपणां सीमाभागातील जुन्या मराठी कुटुंबांना फार परिचयाचा वाटेल. १९२६ साली शिकागो विद्यापीठातील भूवैज्ञानिक एडसन बॅस्टिन यांनी तेलक्षेत्रांतील पाण्यात सल्फेटवर जगणारे जीवाणू असल्याचे प्रसिद्ध केले. हे जीव ऑक्सिजनच्या ऐवजी सल्फेटचा वापर करतात आणि कुजक्या अंड्यासारखा वास असलेला हायड्रोजन सल्फाइड वायू सोडतात. त्यावर शंका घेतली गेली, आणि ती रास्तच होती. हे जीव खरोखर त्या खोल साठ्यातले, की विहीर खणताना वापरलेल्या चिखलाबरोबर वरून खाली गेलेले? थोडक्यात, मूळचे की बाहेरून आलेले?

बोरगाव, सौसर, पांढुर्णा या टापूत हा प्रश्न प्रत्येक पिढीने ऐकला आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा मध्यप्रदेशात राहिला. माणसे आपल्या जागी राहिली, त्यांच्याभोवतीची प्रशासनाची भाषा बदलली. २०२३ साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. तरी शासकीय व्यवहारात आपल्यासाठी ‘अहिंदीभाषी’ ही संज्ञा कानावर येतेच. तीही अभावावरून केलेली ओळख. ज्याची भाषा हिंदी नाही तो. त्याची भाषा कोणती, तिच्यात ओव्या कोणत्या, म्हणी कोणत्या, हे त्या शब्दातून कळत नाही. मात्र आपणही ‘आम्ही येथले मूळचे’ असे ठासून सांगताना थोडे थांबले पाहिजे. अठराव्या शतकात देवगडचे गोंड राज्य नागपूरकर भोसल्यांच्या अंमलाखाली आले आणि त्या वाटेने कितीतरी मराठी घराणी इकडे स्थिरावली. गोंडांच्या दृष्टीने आपण मागून आलेलेच आहोत.

सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांनी या प्रश्नाची जी वाट काढली ती मला शहाणपणाची वाटते. त्यांनी जन्मदाखला मागण्यापेक्षा वर्तन तपासले. साठ्यात जितकी उष्णता आहे तितक्या उष्णतेत हा जीव वाढतो काय? तेथल्या पाण्यात जितके मीठ आहे तितके त्याला मानवते काय? तेथे उपलब्ध असलेल्या अन्नावर त्याचा निर्वाह होतो काय? १९९३ साली कार्ल स्टेटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तर समुद्राच्या तळाखालील व अलास्कातील तेलसाठ्यांतून, सुमारे १०० अंश सेल्सिअसच्या आसपास वाढणारे सूक्ष्मजीव मिळाल्याचे प्रसिद्ध केले. हे आर्किया या, जीवाणूंसारख्या दिसणाऱ्या परंतु निराळ्या कुळातले. तेल वर ढकलण्यासाठी अशा साठ्यांत समुद्राचे पाणी सोडले जाते. त्याबरोबर हे जीव आत गेले असण्याची शक्यता त्यांनी मोकळी ठेवली. आले असतील बाहेरून, पण आज ते तेथल्या उष्णतेत नांदत आहेत, एवढे निश्चित. ‘कोठून आला’ आणि ‘कोठला झाला’ हे दोन निराळे प्रश्न आहेत, आणि एकाचे उत्तर दुसऱ्यासाठी वापरणे हा तर्कदोष आहे.

आता ओळखीच्या रीतीकडे वळू. अवायुजीवी जीवाचा अभ्यास करण्यातील पहिली अडचण अशी की, अभ्यासक ज्या हवेत उभा आहे तीच त्या जीवाला मारते. पाहण्यासाठी भांडे उघडावे तर पाहण्याजोगे काही उरत नाही. रॉबर्ट हंगेट या अमेरिकन शास्त्रज्ञाने गायीच्या पोटातील जीवाणूंचा अभ्यास करताना यावर उपाय शोधला. १९५० पासून त्याची पद्धत जगभर प्रचारात आली. पोषक द्रव उकळून त्यातील ऑक्सिजन घालवायचा. भांड्यात ऑक्सिजनविरहित नायट्रोजन किंवा कार्बन डायऑक्साइड खेळवायचा. उरलासुरला ऑक्सिजन शोषून घेणारे द्रव्य घालायचे. आणि मग रबरी बूच घट्ट बसवून, सुईच्या वाटेनेच नमुना आत सोडायचा. द्रवात रिझाझुरिन नावाचा एक रंग मिसळलेला असतो. हवेचा लवलेश शिरला की तो गुलाबी होतो. आतली स्थिती त्या जीवाला साजेशी असेल तर रंगहीन राहतो. त्या गुलाबी छटेचा अर्थ इतकाच की, पाहणारा आपल्यासह आत शिरला आहे.

मला यात शास्त्रीय कौशल्याइतकाच एक नैतिक धडा दिसतो. दुसऱ्याला जाणून घ्यायचे तर त्याला आपल्या हवेत ओढून चालत नाही. आपली हवा बाहेर ठेवण्याचे कष्ट आपण घ्यायचे असतात. महसूल खात्यातील सेवाकाळात एक गोष्ट वारंवार अनुभवास येई. साहेबांची जीप गावात येणार म्हटले की चावडी झाडली जाई, बोलणारे ठरलेले असत आणि गाऱ्हाणी असणारे घरी बसत. दौऱ्याच्या अहवालात जे गाव उतरे ते जीप आलेले गाव असे. जीप नसताना ते गाव कसे असते, हे जाणण्यासाठी पायी जावे लागे, पारावर मुकाट बसावे लागे, कागद खिशात ठेवावा लागे. त्या काळी गुलाबी होणारा एखादा रंग आमच्या अहवालांत मिसळता आला असता, तर कितीतरी पाने रंगलेली निघाली असती.

ही दक्षता घेतल्यावर मग वर्णन सुरू होते, आणि ते आरंभापासून भावरूप असते. नावापुरताच काय तो अभाव. जीव दांड्यासारखा की गोल, लांबीरुंदी किती, तो बीजाणू धरतो काय. किती अंशांपासून किती अंशांपर्यंत वाढतो आणि कोठे सर्वाधिक जोमाने. किती मीठ, किती आम्लता सोसतो. कोणती साखर खातो, कोणती नाकारतो, खाऊन काय टाकतो. त्याच्या आवरणात कोणती स्निग्धाम्ले आहेत. आणि त्याच्या जनुकसंचाचे ज्ञात जातींशी नाते किती जवळचे आहे. यांतील एकाच कसोटीवर विसंबत नाहीत. एकच कसोटी लावली की नैयायिकांच्या त्या तांबूस गायीसारखी गत होते, हे या शास्त्राने आपल्या मार्गाने ओळखले आहे.

यापुढची अडचण अधिक सूक्ष्म आहे. वर्णनासाठी जीव एकटा हवा. इतरांपासून वेगळा काढून शुद्ध केलेला. परंतु काही जीव एकटे जगतच नाहीत. मेथॅनोबॅसिलस ओमेलियान्स्की या नावाने एक जीवाणू शास्त्रज्ञांना कित्येक वर्षे परिचित होता. मद्यार्कापासून मिथेन करणारा म्हणून त्याची कीर्ती होती. १९६७ साली मार्व्हिन ब्रायंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की हा एक जीव नसून दोघांचा संसार आहे. एक मद्यार्क पचवून हायड्रोजन सोडतो. तो हायड्रोजन साचला तर त्याचे काम थांबते. दुसरा तो हायड्रोजन खाऊन मिथेन करतो आणि पहिल्याची वाट मोकळी ठेवतो. एका नावाखाली दोन जीव सुखाने नांदत होते, आणि चूक होती ती नाव देणाऱ्यांच्या नजरेत.

याच विषयातील आपल्या जवळचे उदाहरण पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचे आहे. प्रा. शंकर पुरुषोत्तम आघारकर यांच्या पुढाकाराने १९४६ साली महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी म्हणून तिचा आरंभ झाला आणि १९९२ पासून ती त्यांच्या नावाने ओळखली जाते. या संस्थेतील संशोधकांनी २०१४ साली, ९१ ते ९६ अंश सेल्सिअस इतक्या तप्त आणि आटत आलेल्या साठ्यांतून तेल काढण्याची एक सूक्ष्मजैविक प्रक्रिया प्रसिद्ध केली. तीत एका जीवाणूऐवजी एनजेएस-४ या नावाचा समुदाय होता. जनुकीय तपासणीत त्यात चार वाण आढळले, चारही क्लॉस्ट्रिडियम या प्रजातीतले. हे जीव आम्ले, कार्बन डायऑक्साइड आणि साबणासारखी द्रव्ये निर्माण करतात. तेल पातळ होते, दाब वाढतो आणि खडकाला चिकटून राहिलेले तेल सुटते. प्रयोगशाळेत वाळूच्या स्तंभात २६.७ टक्के, आणि खडकाच्या नमुन्यात १०.१ टक्के अधिक तेल हाती आले. यातील प्रत्येक वाणाला जातीचे स्वतंत्र नाव नव्हते. क्रमांकावर काम चालले. चौघे मिळून जे करतात ते सांगणे, हेही वर्णनच होय.

येथे एक आक्षेप येईल. जीवाणूला ना सुख ना दुःख, ना मान ना अपमान. त्याचे वर्णन चुकले तर त्याचे काय बिघडले? मग नीतीची भाषा कशासाठी? आक्षेप खरा आहे. जीवाणूचे काही बिघडत नाही. परंतु वर्णनाची सवय माणसाची असते, आणि ती जीवाणूंपाशी थांबत नाही. १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढे संपूर्ण समाज जन्मतः गुन्हेगार म्हणून नोंदले गेले. माणूस काय करतो हे न पाहता तो कोणत्या रकान्यात बसतो, एवढेच पाहिले गेले. १९५२ साली तो कायदा गेला. त्या समाजांना आपण ‘विमुक्त’ म्हणू लागलो. शब्द सदिच्छेचा, पण पुन्हा अभावाचाच. त्यांच्यावरून काय काढून टाकले ते तो सांगतो. ते कोण आहेत ते सांगत नाही. चुकीच्या वर्णनाची किंमत वर्णन करणारा क्वचितच मोजतो, हे सरकारी कागदांत आयुष्य घालवलेल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही.

उपयोगाचा रकानाही असाच फसवा आहे. तेल कंपन्यांच्या दृष्टीने सल्फेटवर जगणारा जीवाणू शत्रू, कारण तो नळ गंजवतो आणि तेलवायूत विषारी वायू मिसळतो. तेल सोडवणारा क्लॉस्ट्रिडियम मित्र. दोघेही आपापल्या परीने जगत आहेत. ‘अपायकारक’ आणि ‘उपयुक्त’ हे शब्द जीवाविषयी नसून आपल्या गरजेविषयी आहेत. गरजेची नोंद करू नये असे कोणी म्हणणार नाही. पण ती स्वभावाच्या रकान्यात करू नये, इतका विवेक हवा.

शेवटचा मुद्दा नोंदीचा. नव्या जातीचे नाव अधिकृत व्हायचे तर तिचा जिवंत नमुना निदान दोन देशांतील दोन संग्रहांत ठेवावा लागतो आणि तो इतर अभ्यासकांना खुला असावा लागतो. यामागील तत्त्व उदात्त आहे. माझ्या शब्दावर विश्वास ठेवा, असे वर्णन करणाऱ्याला म्हणता येत नाही. ज्याला शंका असेल त्याने नमुना मागवून पाहावा. पटवाऱ्याचा खसरा जसा कोणाही खातेदाराला नकलेसाठी मागता आला पाहिजे, तसेच हे. दुसरीकडे आपल्या देशाचा २००२ चा जैवविविधता कायदा आहे. येथील जैविक संपत्ती परक्यांनी परस्पर नेऊन तिच्यावर हक्क सांगू नये, म्हणून त्याने निर्बंध घातले, आणि ते घालण्याला पुरेशी कारणे होती. ज्ञान खुले असावे आणि लूट होऊ नये, या दोन कर्तव्यांत येथे ओढाताण होते. माझे मत असे की कायदा लुटीच्या बाजूला कठोर आणि पडताळणीच्या बाजूला उदार असावा. कारण ज्याची पडताळणी करता येत नाही ते वर्णन हळूहळू हुकूम बनते. २०२२ पासून केवळ जनुकसंचाच्या आधारे नाव देण्याची एक निराळी संहिताही अस्तित्वात आली आहे. जे जीव प्रयोगशाळेत वाढवताच येत नाहीत त्यांच्यासाठी ती सोय आवश्यक होती. तरीही ज्याला एकदाही जिवंत सांभाळले नाही त्याची ओळख झाली असे म्हणावे काय, हा प्रश्न तिच्यामुळे अधिकच तीव्र झाला आहे.

‘अवायुजीवी’ हा शब्द टाकून द्यावा, असे मला सुचवायचे नाही. अनोळखी दारावर पहिली थाप मारताना आपण आपल्याच घराच्या आठवणीने मारतो. अभावाचे नाव ही तशी पहिली थाप आहे. दार उघडल्यावरही उंबऱ्यावरूनच ‘यांच्याकडे आमच्यासारखे काही नाही’ असे म्हणून परतणारा पाहुणा त्या घराविषयी काहीच जाणत नाही. आत जावे, पायताण बाहेर ठेवावे, आणि तेथे कोण काय करतो, कोणावाचून कोणाचे अडते, हे पाहावे. मगच नाव द्यावे, आणि ते चुकीचे असल्यास दुसऱ्या कोणाला दाखवून देता येईल अशा रीतीने द्यावे. जमिनीखालच्या एका सूक्ष्म जीवाच्या बाबतीत शास्त्रज्ञ हे करतात. शेजारच्या घराच्या, दुसऱ्या भाषेच्या, दुसऱ्या जातीच्या माणसाबाबत आपण इतके तरी करतो काय, याचा हिशेब ज्याचा त्याने मांडावा.